काउलिंग काढू नका

गुरुवारी भोसरी शांत असते. विजेच्या वाटपासाठी पडलेला हा स्टॅगरिंगचा वार आमच्या इतका अंगवळणी पडलाय, की बाप रविवारी कामावर आणि गुरुवारी घरी, यात काही वेगळं आहे हे इथल्या पोरांना शाळेत गेल्यावरच कळतं. त्या दिवशी शटर अर्धं वर करून आत बसणारे दोनच प्रकारचे लोक सापडतात. एक, ज्यांची डिलिव्हरी चुकलेली आहे ते. दुसरे, ज्यांना घरी करमत नाही ते. मी दुसऱ्यांपैकी. अशाच एका गुरुवारी या पुस्तिकेचे दोघे लेखक माझ्या टूलरूममध्ये आले. एकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांब्याचा ठोकळा होता.

"काका, सरफेस प्लेट अर्धा तास मिळेल का? आणि थोडं ब्लू."

पंचविशीतला पोरगा येऊन ब्लू मागतो, हे हल्ली क्वचित घडतं. मी चहा सांगितला.

ठोकळा म्हणजे स्पार्क मशीनचा जुना इलेक्ट्रोड होता. डाय, म्हणजे साचा, बनवताना हवा तो आकार आधी तांब्यात कोरतात. मग तो तांब्याचा तुकडा तेलात बुडवून, ठिणग्यांनी पोलाद खात खात आत उतरवतात. डाय झाली की इलेक्ट्रोड भंगारात. भोसरीत अशा ठोकळ्यांना तोटा नाही, आणि हे तांबं साधं नसतं. ते विजेसाठी शुद्ध केलेलं इलेक्ट्रोलिटिक तांबं असतं, आणि धातूंच्या बाबतीत जे विजेला चांगलं ते उष्णतेलाही चांगलं. या ठोकळ्याच्या एका अंगाला कुठल्याशा बाटलीच्या झाकणाचे आटे अजून दिसत होते. दुसरं अंग कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवायचं होतं. प्रोसेसर क्लॉक चढवलेला, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला. बाजारातला कूलर त्याला पुरत नव्हता, आणि पुरेल असा घ्यायचा तर खिसा पुरत नव्हता.

त्या दिवशी ते अर्ध्या तासासाठी आले आणि अंधार पडल्यावर गेले. त्यानंतरच्या बऱ्याच गुरुवारांमधून प्रोसेसरचा कूलर स्वतः बनवायची ही पुस्तिका तयार झाली. प्रस्तावना मी लिहावी असा त्यांचा आग्रह. मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही असं मी सांगून पाहिलं. त्यावर उत्तर आलं, "म्हणूनच."

तर मला जे कळतं तिथूनच सुरुवात करतो.

१९७२ साली आकुर्डीतून बजाजची चेतक बाहेर पडली आणि पुढची तीसेक वर्षं कारखान्यांच्या या पट्ट्यातलं प्रत्येक घर तिच्यावर बसलं. मोटरसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यात उघडं असतं. गाडी पळाली की आपोआप गार होतं. चेतकचं इंजिन मात्र मागच्या चाकाजवळ, बाजूच्या पत्र्याआड. तिथे वारा पोचत नाही. म्हणून फ्लायव्हीललाच पंख्याची पाती दिलेली असतात, आणि सिलिंडरवर पत्र्याचं एक झाकण बसवलेलं असतं. ते काउलिंग. पंख्याने ढकललेली हवा इकडेतिकडे न पांगता सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांमधून, म्हणजे फिनांमधूनच जावी, एवढंच त्याचं काम.

माझ्या चेतकच्या काउलिंगचा एक आटा गेला होता आणि ते खडखडायचं. एका रविवारी मी ते काढून ठेवलं आणि चाकणला निघालो. मोशी येईपर्यंत आवाज बदलला आणि इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे मागचं चाक जागीच लॉक झालं. इंजिन सीझ. पंखा तोवर इमानेइतबारे फिरत होता आणि फिनाही शाबूत होत्या. पांगली होती ती फक्त हवा. गाडी टेम्पोत घालून परत आणली. मेकॅनिकने काउलिंग कुठे आहे एवढंच विचारलं आणि पुढे एक शब्द बोलला नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले.

या पुस्तिकेतली अर्धी पानं त्याच काउलिंगबद्दल आहेत, असं माझं मत आहे. लेखकांना ती पंख्याबद्दल वाटतात.

क्लॉक चढवण्याचं वेड नवं नाही. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा १९९८ चा प्रोसेसर स्वस्तातला, ३०० मेगाहर्ट्‌झचा. पण मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला की तोच ४५० वर पळायचा आणि त्याहून कितीतरी महाग प्रोसेसरांच्या पंक्तीला बसायचा. पुढे एएमडीच्या ड्यूरॉन आणि थंडरबर्डवर लोकांनी पेन्सिलीचा प्रयोग केला. चिपच्या पाठीवर तुटक ठेवलेले बारीक जोड शिशाने रेघ मारून जोडले की वेगाचं कुलूप उघडायचं. शाळेतली पेन्सिल, दुसरं काही नाही! २००६ नंतरचे कोअर टू ड्यूओ हे तर या छंदाचं सुगीचं पीक. १.८६ गिगाहर्ट्‌झचा ई६३०० लोक सहज २.८ वर चालवत.

आता दिवस पालटलेत. कंपन्या स्वतःच प्रोसेसर जवळजवळ कडेपर्यंत ताणून विकतात. २०२३ च्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरला पूर्ण जोरात २५३ वॅट खायची परवानगी खुद्द इंटेलने दिली आहे. २०२२ च्या रायझन ७००० मालिकेबद्दल एएमडीने सांगूनच टाकलं, की ९५ अंशांना टेकून चालणं हे त्यांच्या रचनेतच आहे. म्हणजे क्लॉक चढवून हाती लागणारा वेग कमी झाला आणि काढून टाकायची उष्णता वाढली. यावर काही जण म्हणतात, मग हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर भोसरीतल्या कुठल्याही छोट्या कॅम प्रोग्रामरकडे मिळेल. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, डाय चढवायची तर आधी कटर फिरायची वाट, म्हणजे टूलपाथ, काढावा लागतो. गुंतागुंतीच्या पृष्ठभागाचा टूलपाथ मोजताना कॉम्प्युटर तासन्‌तास फिरतो. त्यात प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करायला लागला, की मशीन ऑपरेटर हात बांधून उभा. तासाच्या भाड्यावर चालणाऱ्या मशीनला हे परवडत नाही. या दोघांचा उद्योगही असाच, एका जॉबवर्कच्या ऑफिसातल्या जुन्या असेंबल्ड मशीनपासून सुरू झाला. गेमिंग नंतर आलं. ते आलंच नाही असं मी म्हणणार नाही.

थोडा हिशेब. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वीस टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज दहा टक्के चढवलं, तर १.२ गुणिले १.२१. उष्णता पंचेचाळीस टक्क्यांनी वर. १०० वॅटचा प्रोसेसर १४५ वॅटचा झाला, आणि तापलेल्या चिपमधून झिरपणारी जास्तीची वीज यात धरलेलीच नाही. याच गणिताने मोठमोठ्यांना अडवलं आहे. पेंटियम ४ च्या पुढची 'तेजस' नावाची चिप इंटेलने २००४ साली बाजारात आणण्याआधीच गुंडाळली आणि नुसता वेग वाढवायचा नाद सोडून एकाच चिपवर दोन-दोन गाभे बसवायला घेतले.

वॅटच्या आकड्याने घाबरू नका, घाबरायचं ते जागेच्या आकड्याने. घरातली इस्त्री हजार वॅटची असते, पण तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. प्रोसेसरची चिप अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, दोन चौरस सेंटिमीटर धरा. तिच्यातून दोनशे वॅट निघाले तर दर चौरस सेंटिमीटरला शंभर. इस्त्रीच्या वीसपट. आणि इस्त्री तापलेली हवी असते.

ही उष्णता खोलीतल्या हवेपर्यंत पोचवायची. वाट सरळ नाही, उतरंड आहे: चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, पेस्ट, कूलरचा तळ, हीट पाइप, फिना, हवा. उतरंडीच्या प्रत्येक मडक्यापाशी काही अंश खर्ची पडतात. लोक पैसे खर्च करतात शेवटच्या मडक्यावर, म्हणजे पंख्यावर, आणि अंश वाया जातात मधल्या सांध्यात. म्हणूनच मला त्या गुरुवारी ब्लूचं कौतुक वाटलं.

ज्यांनी टूलरूम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लू ही निळी, तुपकट पेस्ट. सरफेस प्लेट या अचूक सपाट पाटावर ती बोटाने अगदी पातळ फासायची, इतकी की निळ्यापेक्षा राखाडी दिसावी. जॉब तिच्यावर हलकेच टेकवून इंचभर फिरवायचा आणि उचलायचा. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, जिथे कोरं राहिलं तिथे खड्डा. यात खोटं बोलायची सोय नाही. पोरांनी तो ठोकळा बफिंग व्हीलवर असा चकचकीत करून आणला होता की त्यात माझी मिशी दिसत होती. ब्लूवर टेकवला आणि उचलला. मधोमध पाच रुपयांच्या नाण्याएवढा निळा डाग. चारही कोपरे कोरे.

चकाकी वेगळी, सपाटी वेगळी. बफ मऊ असतो. तो उंचवटे कापत नाही, सगळ्यालाच गोंजारतो आणि कडा जास्त खातो. खरं तर मधला फुगवटा हा सगळ्यात वाईट दोष नव्हे, कारण चिप झाकणाच्या मध्यावरच असते. पण असा ठोकळा बसवताना डुगडुगतो, एका बाजूचा स्क्रू आधी आवळला गेला की दुसरी बाजू उचलली जाते, आणि मग पेस्टची पाचर तयार होते. "सरफेस ग्राइंडरवर मारू का?" असं एकाने विचारलं. तांब्याला मॅग्नेटिक चक धरत नाही, आणि तांबं ग्राइंडिंग व्हीलमध्ये भरून बसतं. शेवटी मिलिंगवर फ्लाय कटरने एक हलका कट घेतला. मग जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, पाण्याचे थेंब टाकत, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवत बसलो. दर पन्नास फेऱ्यांनी ठोकळा पाव वळणाने फिरवायचा, नाहीतर आपला उजवा हात एकच कड दाबत राहतो. चारशे नंबर, सहाशे, हजार. हजारच्या पुढे गेलो नाही. साडेसातला ब्लू सगळीकडे सारखा लागला. ठोकळा मंद, करडा दिसत होता आणि पोरं जरा हिरमुसली. त्यात मिशी दिसत नव्हती.

पेस्टचं काम या सांध्यात उरलेल्या बारीक खळग्यांमधून हवा हाकलायचं, तेवढंच. उष्णता वाहण्यात तांब्याला चारशे गुण दिले, तर चांगल्या पेस्टला पाच ते दहा आणि हवेला ०.०२६. पेस्ट हवेपेक्षा शेकडोपट बरी, पण तांब्यापुढे ती गोधडीच. पाच गुणांच्या पेस्टचा थर, तीन बाय तीन सेंटिमीटर झाकणावर दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे ०.१ मिलिमीटर राहिला, तर दोनशे वॅटला सुमारे साडेचार अंश तिथेच गेले. थर ०.०२ वर आणला की एका अंशाच्या आत. प्रत्यक्षात उष्णता सगळ्या झाकणभर सारखी पसरत नाही, मध्यावर एकवटते, त्यामुळे नुकसान हिशेबापेक्षा जास्तच. म्हणून पराठ्यावर लोणी फासल्यासारखी पेस्ट फासणाऱ्यांना मी विनंती करतो की आधी ब्लू करून बघा.

प्रोसेसरचं झाकणही असंच घासून सपाट करता येतं, आणि पुस्तिकेत त्याची कृती आहे. वरचा निकेलचा मुलामा जाऊन खालचं तांबं दिसायला लागतं. त्यासोबत वॉरंटी जाते आणि वर छापलेला नंबरही. मी हे करणार नाही. लेखकांनी केलं आहे.

हीट पाइपबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, तिथे रेंगाळत नाही. घरी ती बनवायच्या भानगडीत पडू नये. निर्वात नळी, आत थोडंसं पाणी आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा थर, असा तो ऐवज असतो. जुन्या कूलरमधून सोडवून घ्यावी. वाकवताना चिरली की आतली निर्वात पोकळी गेली, आणि मग तिच्यापेक्षा भरीव कांब बरी. सोल्डर करताना गॅसचा टॉर्च लावू नका. आत पाणी आहे, त्याची वाफ होते, आणि नळी फुटते ती सांगून फुटत नाही. १३८ अंशांना वितळणारं टिन-बिस्मथचं सोल्डर यासाठीच असतं.

आता पंखा. इथे माझं आणि लेखकांचं जमत नाही, ते छापील स्वरूपात नोंदवतो.

त्यांचा पहिला कूलर मी पाहिला तेव्हा त्यावर जुन्या मारुतीच्या हीटरचा ब्लोअर बसवलेला होता. बारा व्होल्टचाच असतो, कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर फिरतो, आणि शेजारच्या शेडमधला माणूस कंप्रेसर सुरू झाला का म्हणून बघायला येतो. मदरबोर्डवरच्या पंख्याच्या पिनांमधून साधारण एक अँपिअर घेता येतो, जास्त नाही. असला ब्लोअर तिथे जोडला की पंख्याआधी मदरबोर्ड गार होतो. ते त्यांनी टाळलं होतं, वेगळी वायर काढली होती, याचे गुण देतो. पण पंख्याचे नियम निर्दय असतात. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, दाब चौपट होतो आणि लागणारी वीज आठपट होते. आवाज साधारण पंधरा डेसिबलने चढतो. त्या बदल्यात काय मिळतं? मिनिटाला ५० घनफूट हवा दोनशे वॅट घेऊन बाहेर पडली तर ती सुमारे सात अंशांनी तापते. शंभर घनफूट केली तर साडेतीन अंशांनी. म्हणजे या आठपट वीजखर्चात हवेचं तापणं साडेतीन अंशांनी कमी झालं. फिनांवरून हवा जोरात गेल्याने आणखी थोडा फायदा होतो, तो धरा. तरीही सौदा महागच आहे.

आणि यात गृहीत काय धरलंय? सगळी हवा फिनांमधून जाते. ती जात नाही. हवा आळशी आहे. दाट फिना दिसल्या की ती बाजूने वळसा घालते. पंख्याच्या मध्यभागी जिथे मोटर असते, तिथून तर हवा येतच नाही, आणि नेमकं तिथेच खाली सर्वांत तापलेलं तांबं असतं. वर कॅबिनेटमधली तापलेली हवा फिरून पुन्हा त्याच पंख्याच्या तोंडाशी येते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर उदबत्ती लावा. आम्ही लावली. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून तिथे पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि कूलरच्या एका अंगाला उदबत्तीचं टोक धरलं. धूर फिनांकडे गेला, दारातून पाहुणा परतावा तसा परतला, वरून वळला आणि पुन्हा पंख्यात शिरला. दोन्ही पोरं काही वेळ काहीच बोलली नाहीत. मग एकाने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, पंखा आणि फिना यांच्याभोवती चारी बाजूंनी घट्ट गुंडाळला, फटींना चिकटपट्टी लावली. दुसऱ्याने तसाच एक पुठ्ठ्याचा बोगदा कूलरच्या मागून कॅबिनेटच्या मागच्या जाळीपर्यंत नेला. ब्लोअर काढून साधा १२० मिलिमीटरचा पंखा लावला. उदबत्ती पुन्हा धरली. धूर सरळ आत गेला आणि मागून बाहेर आला. तापमान ब्लोअरच्या वेळेपेक्षा दोन अंशांनी खाली होतं आणि शेडमध्ये आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं.

त्या पुठ्ठ्याला ते डक्ट म्हणतात. मी काउलिंग म्हणतो.

या पट्ट्यात उष्णता ही कुणाला नवलाची गोष्ट नाही. चिंचवडला थरमॅक्स बॉयलर बनवते, दापोडीला अल्फा लावलचे हीट एक्स्चेंजर, चाकणला माहलेचे गाड्यांचे रेडिएटर. चिंचवडच्याच एसकेएफमधून बॉल बेअरिंगं निघतात, आणि चांगला पंखा स्वस्त पंख्यापेक्षा जास्त टिकतो तो बेअरिंगमुळेच. हजारो हात रोज उष्णता एकीकडून दुसरीकडे नेण्याचं काम करतात आणि संध्याकाळी घरी येऊन तापलेल्या कॉम्प्युटरपुढे हतबल बसतात, याचं मला हसू येतं. मोठ्या कारखान्यांचं सोडा. चाकणचा कांदाबाजार गाड्यांच्या कारखान्यांच्या कितीतरी आधीचा. त्या शिवारातली कांदाचाळ बघा: तळ जमिनीपासून उचललेला, कुडाला फटी, वर पत्रा किंवा कौलं, आणि रुंदी चार फुटांच्या आसपासच, कारण त्याहून रुंद ढिगाच्या मध्यापर्यंत हवा शिरत नाही. साठवलेला कांदा श्वास घेतो, उष्णता सोडतो, ती अडकली की सडतो. फिना किती लांब आणि किती दाट ठेवायच्या, या पुस्तिकेतल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याने पंख्याशिवाय काढलेलं आहे.

मालही इथेच मिळतो, किंवा मिळायचा. चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामं होती. तिथे किलोवर रेडिएटर, ब्लोअर, सर्व्हरमधले जाडजूड पंखे असं काहीही हाताला लागायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामं पाडली, आणि ती सगळी पत्र्याची दुनिया आठवडाभरात सपाट झाली. तिथल्या वारंवारच्या आगी आणि धूर आठवला की त्याबद्दल फार हळहळ करता येत नाही. पण पुस्तिकेत जिथे जिथे 'भंगारातून घ्यावे' असं लिहिलंय, तिथे वाचकाला आता जास्त पायपीट करावी लागेल.

इथल्या हवेबद्दलही सांगायला हवं, कारण बाहेरच्या देशांतल्या आकड्यांवर भरवसा ठेवून आपली माणसं फसतात. हवेने गार करणारा कूलर चिपला खोलीच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. दर वॅटमागे पाव अंश चढणारा कूलर १४५ वॅटला ३६ अंश चढेल. डिसेंबरच्या सकाळी खोलीत २० असताना झाकण ५६ वर राहील. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ३६ असताना तेच ७२, आणि आतली चिप त्याहून वर. डिसेंबरात जमवलेलं क्लॉक एप्रिलात कोसळतं ते यामुळे. त्यात नाशिक रस्त्याची धूळ, फाउंड्रीची काजळी आणि कास्ट आयर्न टर्निंगची पूड. ही शेवटची नुसती फिना बुजवत नाही, वीजही वाहते. मदरबोर्डवर बसली तर शॉर्ट. शॉपफ्लोअरवरच्या कॉम्प्युटरला जाळी लावाच, आणि जाळी लावल्यावर हवा किती घटली तेही मोजा. साफ करताना शेडमधल्या कंप्रेसरचा पाइप सरळ आत खुपसू नका. टाकीत पाणी साठलेलं असतं. आधी जमिनीवर मारून ओल दिसते का बघा. आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो कधी नव्हे इतका फिरतो आणि बेअरिंग संपतं.

काही जण उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडाशी आणून ठेवतात. त्याने दव धरत नाही, हे खरं. पण पाण्याचे तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार आत जातात आणि पांढरी पुटं धरतात. एसीची हवा पाइपने आत आणणाऱ्यांचा पाइप जुलैत बाहेरून ठिबकतो. दोन्ही उपाय लेखकांनी करून पाहिले आणि वगळले, याबद्दल त्यांचे आभार.

एक कबुली राहिली. माझ्या मुलासाठी घरी पहिला कॉम्प्युटर जोडला तेव्हा, २००२ च्या सुमारास, कूलर बसवायचा मान मी घेतला. त्या काळच्या बऱ्याच प्रोसेसरांवर कूलरची पोलादी क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून अडकवावी लागे, आणि चिप उघडीच असे, वर झाकण नसे. डायची गाइड पिन ठोकतो तसा मी जोर लावला. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि मदरबोर्डवर दोन इंचांची चर पडली. चिपचा कोपरा आधीच उडाला होता, ते नंतर दिसलं. मुलगा दहा वर्षांचा होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तर मायक्रॉनमध्ये काम करता ना?"

चिप आणि बोर्ड किती नाजूक असतात ते तेव्हा कळलं, म्हणून वजनाबद्दल दोन शब्द. बाजारातला नावाजलेला नॉक्टुआ एनएच-डी१५ हा कूलर दोन पंख्यांसह १३२० ग्रॅमचा आहे, आणि त्याच्या मागे मदरबोर्डच्या पाठीला पोलादी पट्टी असते. तांब्याचा इलेक्ट्रोड वापरून केलेला कूलर त्याहून सहज जड होतो, कारण तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये हे वजन बोर्डाला आडवं लटकतं. पुस्तिकेत पाठीमागच्या प्लेटचं ड्रॉइंग दिलेलं आहे. तीन मिलिमीटरची पट्टी, खाली इन्सुलेशनचा कागद. ते वगळून पुढे जाऊ नका. शक्य असेल तर कॅबिनेट आडवं पाडून ठेवा. आणि स्क्रू नेहमी समोरासमोरचे, थोडे थोडे, सिलिंडर हेडसारखे आवळा.

पुस्तिकेतली सर्व मापं मिलिमीटरमध्ये आहेत. मिलिंगची सोय नसलेल्यांसाठी फाइल आणि काचेवर करायची कृती शेवटी वेगळी दिली आहे. ती मी स्वतः करून पाहिली, सहा तास लागतात. ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी आधी जुन्या, मेलेल्या मदरबोर्डावर बसवून बघावं. आपले आकडे लेखकांना जरूर कळवा. पण प्रोसेसरच्या तापमानाशेजारी खोलीचं तापमान आणि मोजल्याची वेळ लिहा. ते नसलेला आकडा पुढच्या आवृत्तीत घेतला जाणार नाही, एवढी एक अट मी घालून घेतली आहे.